मुका रुपया

माणसांबद्दल बोलताना आपण नकळत सराफाची भाषा बोलतो. कुणी ‘खणखणीत नाणं’ असतो, कुणी ‘बंदा रुपया’, कुणामुळे घराण्याच्या नावाला ‘बट्टा’ लागतो. हे शब्द एके काळी रोजच्या व्यवहारातले होते. चांदीच्या जुन्या रुपयांचे ऑनलाइन लिलाव पाहताना ते मला हटकून आठवतात, कारण नाणं वाजवणं, तोलणं, बोटांनी चाचपणं यातलं काहीच तिथे करता येत नाही. समोर दोन फोटो असतात आणि खाली तीन अक्षरं: ‘यूएनसी’, म्हणजे न वापरलेलं.

पेशवाईत रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही. सगळे रुपयेच, पण किंमत सारखी नाही. त्या फरकाचं नाव बट्टा. सरकारी खजिन्यात नाणी पारखायला पोतदार असे, बाजारात सराफ. वजन, कस आणि आवाज पाहून झालं की सराफ कधी कधी नाण्यावर आपला बारीक ठसा मारी. आज कॅटलॉगमध्ये ‘सराफी ठसा’ ही खोट म्हणून नोंदवतात आणि भाव खाली येतो. त्या काळी मात्र तो ठसा म्हणजे पारखल्याची खूण होती. बंगालात तर शिक्क्यावरचं साल मागे पडलं की नाणं झिजलेलं नसतानाही बट्टा लागे. म्हणजे नाण्याची ‘अवस्था’ ही फक्त धातूची गोष्ट कधीच नव्हती. ती कोण ठरवतो आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून होतं.

आमचं दवनीवाडा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. त्यांच्या रुपयांवर नाव दिल्लीच्या अहमदशहाचं, आणि काहींवर टांकसाळ कटकची. हाताने पाडलेल्या या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं चकतीबाहेरच जातात. फोटोत असं नाणं नवख्याला झिजलेलं वाटतं, पण ते तसं नसतं. जी अक्षरं उमटली आहेत त्यांच्या कडा धारदार असतील, तर नाणं उत्तम आहे. न उमटणं आणि झिजून जाणं यांतला फरक ओळखणं हा पारखीचा पहिला धडा.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया ठरवला: १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, संस्थान खालसा झालं, आणि आमच्याकडेही हाच रुपया रुळला. यंत्रावर पाडलेला, कडेला दाते असलेला. दाते शोभेसाठी नव्हते. कुणी कड कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावं म्हणून होते. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार दोन टक्क्यांहून अधिक वजन घटलेला किंवा विद्रूप केलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे, आणि अधिकृत माणसाने असा रुपया हाती आल्यावर तो कापावा, अशी तरतूद होती. म्हणजे ३.६ ग्रेनपलीकडची झीज रुपयाच्या जिवावर बेतायची.

१९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पुढच्या तीनेक वर्षांत व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद झाले. पुष्कळ लोकांनी ते परत केलेच नाहीत. काही मडक्यात पुरले गेले, काही बायकांच्या गळ्यात गेले. धानाच्या आमच्या पट्ट्यात रुपयांची माळ हा श्रीमंतीचा दागिना नव्हता, ती अडीअडचणीची बँक होती. सोनार प्रत्येक रुपयाला वर एक कडी डाकून देई.

नेमकी हीच कडी फोटोत लपते. विकताना ती कापतात, डाकाचा उंचवटा घासतात, मग नाणं पॉलिश करून पांढरंशुभ्र करतात. समोरून आणि मागून काही दिसत नाही. खूण उरते ती कडेवर, राणीच्या मुकुटाच्या वर, जिथे तीन-चार दाते सपाट झालेले असतात. आणि कडेचा फोटो सहसा कुणी टाकत नाही.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे फोटो काय गाळतो हे मला नाण्यांच्या आधी कळलं. जेपेग पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि त्यातला सर्वांत बारीक तपशील आधी टाकून देतात, कारण डोळ्याला तो फारसा जाणवत नाही. पण पॉलिशचे केसासारखे ओरखडे त्याच तपशिलात असतात. मूळ चकाकीही तिथेच. टांकसाळीतून ताज्या आलेल्या नाण्यावर धातू केंद्रापासून कडेकडे वाहिल्याच्या सूक्ष्म रेषा असतात. नाणं तिरपं फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. पॉलिश केलेलं नाणं भांड्यासारखं सरसकट चमकतं. स्थिर फोटोत दोन्ही सारखीच ‘चकचकीत’. १८६२ सालच्या रुपयाचंही असंच. तेच साल पुढे कित्येक वर्षं नाण्यावर कायम राहिलं. सालाभोवतीच्या ठिपक्यांवरून संग्राहक प्रकार ओळखतात, आणि धूसर फोटोत नेमके ठिपकेच विरघळतात.

म्हणून मी पाहतो ते असं. राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुट या उंच जागा आधी झिजतात. त्या सपाट आणि तरीही पांढऱ्या असतील तर नाणं धुतलंय. खऱ्या जुन्या चांदीवर गंधकाने आलेली काळपट झाक अक्षरांच्या खाचांत टिकते. सगळीकडे एकसारखा काळा रंग असेल तर तो मुद्दाम चढवलेला. अक्षरं गुळगुळीत, मऊ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, तर ओतीव नक्कल. आणि कडेचा फोटो आणि ग्रॅममधलं वजन दिलं नाही तर बोली नाही.

अमेरिकेत विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी केली. आज आपले रुपयेही तीवर मोजतात. या मोजपट्टीवर कडी डाकलेल्या नाण्याला नुसता आकडा मिळतच नाही, ‘खराब’ असा शेरा मिळतो. बाजाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण माझ्या आजीच्या माळेत तेरा रुपये आहेत, सगळे कडीचे. बाबांना मोबाइलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवा’ असे मेसेज येतात. अशा व्यवहारात आपलं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. सोनार म्हणाला, कड्या काढून उजळून देतो, भाव येईल.

मी बाबांना हिशोब करून दाखवला. कडी काढली तरी संग्राहकाचा भाव येणार नाही, कारण कडेची खूण राहणारच. आणि कडी गेली की ती माळही राहणार नाही. उरेल ती तोळ्याच्या भावाची चांदी, आणि ती तर आजही आहे. बाबा म्हणाले, “मग राहू दे.” त्या दिवशी मी तेराही रुपये तोलले, पुढून, मागून आणि कडेने फोटो काढले, आणि वहीत लिहून ठेवलं: साल, वजन, कडी कुठे. सर्वांत हलका रुपया व्हिक्टोरियाचा निघाला. तिचा गाल पार सपाट झालाय, कारण तो कायम आजीच्या पातळाला घासत असे.