नुनालेक येथील भूमिगत दफ्तर
ज्या लोकांस प्राचीन लेखनपरंपरा नाही, त्यांचे दफ्तर भूमीच होय. अलास्कातील क्विनहागाक गावी, इनुइटांचे आप्त जे युपिक, त्यांच्या सतराव्या शतकात जळालेल्या नुनालेक वसतीचे उत्खनन ग्रामस्थांच्या पुढाकाराने अ‍ॅबरडीन विद्यापीठाने २००९ साली आरंभिले. गोठलेल्या मातीतून लाकडी मुखवटे, बाहुल्या, टोपल्या निघाल्या; त्यांसाठी गावातच २०१८ साली संग्रहालय उघडले. वृद्ध वस्तूचा उपयोग सांगतात, तरुण तशीच वस्तू घडवून पाहतात. मिशनऱ्यांच्या विरोधाने बंद पडलेले नृत्यही तेथे पुन्हा सुरू झाले. परंतु ती माती आता वितळत असून समुद्र किनारा गिळीत आहे. दफ्तर वाचविणे व त्याचे वाचक घडविणे ही कार्ये एकसमयावच्छेदे व्हावी लागतात, हे आम्हां पोथीसंग्राहकांनीही ध्यानी घ्यावे.