ओंटारिओच्या तळाशी दोन युद्धनौका

बुडालेल्या जहाजांचा शोध म्हटले की डोळ्यांसमोर महासागर येतो. प्रत्यक्षात लाकडी जहाजे अतिशय सुस्थितीत सापडतात ती उत्तर अमेरिकेतील थंड, गोड्या पाण्याच्या सरोवरांत. कारण लाकूड पोखरणारी समुद्री कीड तेथे जगत नाही.

ओंटारिओ सरोवरातील ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ ही त्याची ठळक उदाहरणे. दोन्ही मूळच्या व्यापारी शिडाच्या नौका. १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा अमेरिकी नौदलाने त्यांच्यावर तोफा चढविल्या. या वजनाने नौकांचा तोल बिघडला होता. ८ ऑगस्ट १८१३ च्या पहाटे अकस्मात वादळ आले आणि दोन्ही नौका उलटल्या. खलाशी तोफांजवळच झोपले होते. पन्नासहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. बचावलेल्या नेड मायर्सने ही हकीकत कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांना सांगितली. ती १८४३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१९७३ मध्ये ध्वनिलहरींच्या साह्याने नौकांचा ठाव लागला. परंतु त्या सुमारे ९० मीटर खोल. साध्या हवेच्या टाकीवर पाणबुड्याने तेथे उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून काम आले ते दूरनियंत्रित यंत्रमानवाकडे. पाण्यातून रेडिओलहरी फारशा जात नाहीत, त्यामुळे वीज, आज्ञा आणि चित्रे यांची ने-आण एका लांब केबलमधून होते. हीच केबल यंत्राची जीवनवाहिनी आणि हीच मोठी डोकेदुखी. कारण दोन्ही नौकांच्या डोलकाठ्या अजून उभ्या आहेत आणि केबल त्यांत अडकण्याची धास्ती असते. पंखा तळाजवळ फिरला तर गाळ उसळून कॅमेऱ्यापुढे अंधार होतो, तो वेगळाच.

तरीही १९८२ मध्ये टिपलेली छायाचित्रे थक्क करणारी होती. ‘हॅमिल्टन’च्या नाळेवर डायना देवीची मूर्ती, ‘स्कर्ज’च्या नाळेवर लॉर्ड नेल्सन यांचा पुतळा, कारण नौकांची मूळ नावे हीच होती. शत्रूच्या सेनापतीचा पुतळा अमेरिकी नौकेवर तसाच राहिला, हा इतिहासाचा विनोदच. तोफा, तलवारी जागच्या जागी होत्या, आणि मानवी सांगाडेही. १९९० मध्ये ‘टायटॅनिक’चे संशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांच्या ‘जेसन’ या यंत्रमानवाने हे दृश्य उपग्रहाद्वारे शाळकरी मुलांपर्यंत थेट पोहोचविले.

नौका वर काढण्याची कल्पनाही पुढे आली होती. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ पाण्यात मुरलेले लाकूड हवेत सुकताच आकसते आणि तडकते. शिवाय ही खलाशांची कबर आहे. नौकांची मालकी १९८० पासून कॅनडातील हॅमिल्टन शहराकडे आहे (नावातील साम्य हा निव्वळ योगायोग). अलीकडच्या पाहण्यांत नवेच संकट दिसले. परदेशी जहाजांसोबत आलेल्या क्वागा शिंपल्यांनी लाकडावर थर चढविले असून कोरीवकाम त्याखाली झाकले जात आहे. त्यामुळे जुनी यंत्रचित्रे आता तपशिलाचा मोलाचा पुरावा ठरली आहेत.