सामान आपले, भट्टी बेकरीची

घरचे पीठ, तूप आणि साखर बेकरीत नेऊन, मजुरी देऊन बिस्किटे भाजून आणणे, ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली बेकरीचा खर्च वाचवण्याची रूढ रीत आहे. दिवाळीच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीत पिशव्या व रिकामे डबे घेऊन बायका-पोरे भट्टीपाशी नंबर लावून बसतात आणि नानकटाईने भरलेला डबा घेऊन घरी येतात. घरच्या घरी पाव करणारे विजेचे यंत्र, म्हणजे ब्रेड मेकर, बाजारात येऊनही या भागात फारसे रुजले नाही. त्याचे निम्मे कारण या रीतीत सापडते, निम्मे या भागाच्या धान्यात.

माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथले रोजचे अन्न शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. म्हणून तर ते गरम पाण्याने मळावे लागते आणि लाटण्याऐवजी थापावे लागते. खमिराने पिठात वायू तयार झाला, तरी तो धरून ठेवणारी चिवट जाळी ज्वारीत तयार होत नाही. त्यामुळे ज्वारीचा पाव फुगत नाही. कृष्णाकाठी गहू होता, पण तो मुख्यतः खपली आणि बन्सी जातींचा. खपलीची पुरणपोळी, शेवया, कुरडया आणि खीर नावाजलेली. पावाच्या कामी मात्र तिचे पीठ लंगडे पडते. बन्सीसारख्या कठीण दाण्याच्या गव्हाचा रवा उत्तम निघतो, पाव बेताचाच होतो. शिवाय गहू हे सणावाराचे धान्य. थोडक्यात, पाव या भागात आला तो शेतातून किंवा चुलीवरून आलेला नाही. तो बाहेरून, आपले पीठ आणि आपली भट्टी बरोबर घेऊन आला.

गोव्यात पोर्तुगिजांनी पाव आणला आणि तिथल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडीने पीठ फुगवण्याची कला बसवली. घाटावर तो इंग्रजांच्या मागोमाग चढला. १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांची छावणी आणि रेसिडेन्सी आली. शहरातील कॅम्प आणि सदर बझार ही नावे त्याच काळाची खूण आहेत. १८२८-२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसवले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी ती जागा दिली आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव घेतले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. पुढे पाचगणी वसली. तिथे किमिन्स, सेंट जोसेफ, सेंट पीटर्स या निवासी शाळा १८९० ते १९०५ च्या दरम्यान निघाल्या आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे क्षयरोग्यांसाठीचे बेल-एअर आरोग्यधाम सुरू झाले. पाव दोन दिवसांत शिळा होतो आणि पावसाळी हवेत त्याला बुरशी येते. मुंबईहून घाट चढवून तो रोज आणणे परवडणारे नव्हते. म्हणून जिथे साहेबाचा मुक्काम, तिथे भट्टी, असा क्रम पडला. सांगलीकडच्या बाजूला मिरजेला १८८७ च्या सुमारास रेल्वे पोहोचली आणि पुढे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी अमेरिकन मिशनचे रुग्णालय उभारले. ‘दूध-पाव’ हे आजाऱ्याचे पथ्य म्हणून घरोघर मान्य झाले. निरोग्याने पाव खाणे मान्य व्हायला अजून बराच अवकाश होता.

अडचण चवीची नव्हती, धर्माची होती. पाव कोणाच्या हातचा, तो कशाने आंबवला आणि त्याला पाणी कोणाचे, हे तीन प्रश्न होते. १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पावाचा तुकडा खावा लागे. एवढा तुकडा खाणे हीच जात मोडल्याची कबुली होती. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनच्या सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा झालेल्या ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, रानडे आणि टिळकही सापडले. त्यात पावाच्या नावानेही घोळ घातला. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, पण मराठी कानाला त्यात पाय ऐकू आला आणि ‘पायांनी मळतात म्हणून पाव’ ही कथा गावोगाव पसरली. चौथ्या हिश्श्याशी त्याचे नाते जोडणारेही कमी नव्हते. ताडीने आंबवतात हे मात्र खोटे नव्हते. कंप्रेस्ड यीस्ट सर्वत्र मिळू लागेपर्यंत किनारपट्टीतला पाव बहुतेक ताडी-माडीवरच फुगत असे.

सोवळ्या घरांपुरता हा पेच सोडवला तो दक्षिणेने. हासन जिल्ह्यातून बंगळूरला आलेल्या तिरुमलाचार यांनी १८९८ मध्ये ब्राह्मण बेकरी काढली. त्या परंपरेतल्या अय्यंगार बेकऱ्या पुढे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरपर्यंत पसरल्या. बिनअंड्याचा केक, खारा बन आणि पाटीवरचे ‘अय्यंगार’ हे नाव, एवढ्याने काम भागले. पावाविरुद्धची हरकत वादविवादाने हटली त्यापेक्षा या पाटीने अधिक हटली, असे म्हणायला हरकत नाही.

सामान देऊन बिस्किटे करून आणण्याची रीत कशी रुजली हे समजायला भट्टीचे काम पाहावे लागते. जुनी भट्टी म्हणजे विटांची बुटकी, घुमटाकार खोली; खाली फरशी, पुढे एकच लहान तोंड. आत लाकडे पेटवून विटा तापवतात, मग निखारे बाजूला सारून फरशी पुसून घेतात. भाजणे होते ते जाळावर नव्हे, विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर. पावाला कडक आच लागते, म्हणून लाद्या आधी, रात्री किंवा पहाटे लागतात. लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सरकवायचे आणि त्याच फळीने ओढून घ्यायचे. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरते. त्या उतरत्या आचेवर खारी आणि टोस्ट वाळवायचे. पिठात लोणी-साखर जास्त असलेली नानकटाई कडक आचेवर वरून करपते आणि आतून कच्ची राहते. तिला हीच मंदावलेली भट्टी मानवते. म्हणजे पाव भाजून झाल्यावर बेकरीवाल्याकडे काही तासांची उष्णता शिल्लक राहते आणि तिचा जळणाचा खर्च आधीच वसूल झालेला असतो. ती वाया घालवण्यापेक्षा मजुरीवर देणे त्याच्या फायद्याचे. गिऱ्हाइकालाही ती स्वस्त पडते, कारण ते फक्त हात आणि उरलेली आच यांचेच पैसे देते.

सामानाचा मेळही साधा आहे. मैदा, जवळपास तितकीच पिठीसाखर, त्याहून थोडे कमी तूप, चिमूटभर सोडा आणि वेलदोडा. अलीकडे कणीक, नाचणी किंवा बेसन घालणारे पुष्कळ. तुपाच्या जागी बरीच वर्षे डालडा असे, आणि जुन्या माणसांना नानकटाईची ‘खरी’ चव वाटते ती अनेकदा त्या डालड्याचीच असते. मळणे बेकरीतच होते. गोळे करणे किंवा साच्यातून काढणे कधी बेकरीतला कारागीर करतो, कधी आलेल्या बायकाच पत्र्यांभोवती बसून उरकतात. आपल्या तुपाची बिस्किटे दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नयेत म्हणून भट्टीच्या तोंडाशी कोणीतरी उभे असतेच. ही राखण हा रीतीचा अविभाज्य भाग आहे. स्वस्ताई हे एक कारण. सामान डोळ्यांदेखत पडले याची खात्री हे दुसरे, आणि ते पहिल्यापेक्षा लहान नाही.

या भागातली इतर कामेही अशीच चालत आली आहेत. धान्य आपले, गिरणी दुसऱ्याची. मिरच्या आपल्या, डंक दुसऱ्याचा. ऊस आपला, गुऱ्हाळ भाड्याचे. शेंगदाणे आपले, घाणा तेल्याचा. रवा आपला, शेवयांचे यंत्र गल्लीतल्या कोणाचे तरी. वर्षातून दोन-चारदा लागणारे यंत्र घरात ठेवून अडगळ कशाला करायची, हा त्यामागचा हिशेब. किर्लोस्करवाडीसारखे यंत्रांचे गाव सांगली जिल्ह्यातच १९१० मध्ये वसले. तिथले नांगर, चरक आणि पुढच्या काळातली इंजिने शेतात गेली. स्वयंपाकघरातल्या जड कामाचे यंत्र मात्र गल्लीच्या तोंडाशीच राहिले आणि त्याची मजुरी ठरत गेली.

घरी भाजण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. चुलीवर पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे घालायचे, ही जुनी युक्ती. पुढे शिट्टी काढलेल्या कुकरात वाळू आली आणि मग काचेच्या झाकणाचा, वर तारेचे वेटोळे असलेला विजेचा गोल ओव्हन. १९७० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. वजनकाट्याऐवजी वाटी-चमच्याचे माप हा त्या पुस्तकाचा मोठा गुण. ज्या घरात काटा नाही तिथे भाजण्याचे पदार्थ नेहमी मापावरच अडतात. तरी गोल ओव्हनमधून निघाला तो मुख्यतः केक. पाव घरी करण्याची चिकाटी थोड्यांनीच दाखवली, कारण तोवर बेकरीचा पाव रोजचा आणि स्वस्त झाला होता. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि यंत्रावर कापलेला, मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड शहरांत नेहमीचा झाला. १९७२ च्या दुष्काळात माण-खटाव आणि जत-आटपाडीकडच्या माणसांनी मिलो ही परदेशी ज्वारी आणि मदतीची सुकडी खाल्ली. धान्याबाबतची सवय मोडायला असा एक काळ पुरतो. नंतर लोकवनसारखे, पोळी आणि पाव दोन्हींना चालणारे गहू सर्वत्र मिळू लागले. कोल्हापूरच्या बाजूला तर मिसळीबरोबर लादीपाव न देता ब्रेडच्या स्लाइस देण्याचीच पद्धत पडली.

ब्रेड मेकर हे यंत्र जपानचे. मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये ‘होम बेकरी’ नावाने ते विक्रीला आणले आणि पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक नग विकले. आधीच्या नमुन्यांत पाव वरून भाजला जाई आणि आतून कच्चा राही. दोष मळण्यात आहे असा संशय आल्यावर कंपनीतल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पावकाराकडे शिकायला गेल्या. तो कणीक नुसती फिरवत नाही, ताणत ताणत पिळतो, हे त्यांनी हेरले. त्यावरून डब्याच्या आतल्या बाजूला उभे कंगोरे बसवले गेले. भाकरी थापणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. पीठ मळण्यावर सगळे अवलंबून असते हे तिला ठाऊकच असते.

यंत्रात पाणी, मीठ, साखर, तेल, पीठ आणि शेवटी कोरडे यीस्ट घालून कळ दाबली की मळणे, फुगवणे आणि भाजणे मिळून साधारण तीन ते चार तास जातात. चारशे ग्रॅमच्या पावाला लागते पाव किलोहून थोडे जास्त पीठ, पावणेदोनशे मिलीच्या आत पाणी, तीन-चार ग्रॅम यीस्ट आणि अर्ध्या युनिटच्या आत वीज. सामानापुरता पाहिला तर हा पाव विकतच्यापेक्षा बराच स्वस्त. पण यंत्राची किंमत हजारांत आहे. बचत खरोखर होते ती आठवड्याला तीन-चार पाव खाणाऱ्या घराला. भाकरी-चपातीवर चालणाऱ्या घरात पाव आठवड्याला एखादा येतो; तिथे यंत्राचे पैसे फिटण्याआधी त्याचे पाते झिजते. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे गणित वेगळे असते, कारण तिथे मुलांच्या डब्याला रोजच ब्रेड लागतो.

विजेची अडचणही होती. कोयनेचे वीजघर १९६२ पासून चालू झाले, त्याचे धरण साताऱ्यातच. तरी या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही जिल्ह्यांची खेडी भारनियमनात तासन्‌तास अंधारात असत. तीन-चार तास सलग वीज मागणारे यंत्र अशा घरात कामाचे नाही. मळून झाल्यावर वीज गेली, तर पीठ फुगून बसते आणि आंबूस गोळा हाती येतो. धान्याची अडचण अजून तशीच आहे. घरच्या गिरणीवर दळलेल्या खपलीचा पाव यंत्रातून जड, बसका निघतो. मैदा किंवा कणीक निम्मी मिसळली तर तो जमतो, पण मग खपलीचे कौतुक निम्मेच उरते.

२०२० च्या टाळेबंदीत घरोघर पाव करण्याची लाट आली, तेव्हा दुकानांतून यीस्ट दिसेनासे झाले. बेकऱ्या पूर्ववत उघडल्यावर ती लाट ओसरली. आता पुष्कळ ठिकाणी लाकडाच्या भट्टीजागी डिझेलचे किंवा विजेचे ओव्हन आले आहेत. त्यांत उतरत्या आचेचा फुकट वाटा उरत नाही आणि बेकरीवाल्याला मजुरीत इंधनही धरावे लागते. तरीही दिवाळीपूर्वी बेकऱ्यांबाहेर ‘ऑर्डरप्रमाणे बिस्किटे करून मिळतील’ अशा पाट्या लागतात, आणि मजुरी ठरते ती किलोवर.