जोडणीचे शास्त्र : गिटारच्या ध्वनिवर्धकाची वाटचाल

आमच्या अनेक ख्रिस्तमंदिरांत आज गायकवृंदाच्या साथीला विद्युत गिटार असते. तिच्या पाठीमागे असलेल्या ध्वनिवर्धकाकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते. त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

गिटार हे मूळचे हळुवार वाद्य. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज बुडून जाई. या गरजेतूनच १९३२ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम व अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी विद्युत गिटार बाजारात आणली. पुढे कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांचे ध्वनिवर्धक नावारूपास आले. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांनी फेंडर यांच्याच ‘बासमन’चा कित्ता गिरवून आपला ध्वनिवर्धक घडविला.

प्रारंभी हे यंत्र स्वयंपूर्ण होते. परंतु लवकरच बाहेरची साधने त्याला जोडली जाऊ लागली. १९६१ साली फेंडर यांनी प्रतिध्वनीची स्वतंत्र पेटी आणली, तर १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हे स्वर खरखरीत करणारे पायपेडल आले. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये ही साधने बसविली जात. त्यातून एक अडचण उद्भवली. ध्वनिवर्धकाचा पूर्वार्ध स्वराला रंग देतो, उत्तरार्ध बळ देतो. प्रतिध्वनी आधी मिसळून मग पूर्वार्धात स्वर खरखरीत केला, तर सारा गोंधळ माजतो. म्हणून या दोहोंच्या मध्येच स्वर बाहेर पाठविण्याची व परत घेण्याची दोन द्वारे ठेवण्यात आली. साधन तेच; योग्य ठिकाणी जोडताच नाद निर्मळ झाला.

साधने वाढली, तशी ती हाताळण्याची चिंता वाढली. त्यावरील उपाय कीबोर्डच्या जगातून आला. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे व्यवसायातील प्रतिस्पर्धी. तरीही सर्वांची वाद्ये परस्परांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ ही समान भाषा त्यांच्या पुढाकाराने सिद्ध झाली. जानेवारी १९८३ मध्ये दोघांच्या कंपन्यांची वाद्ये जाहीररीत्या जोडून दाखविण्यात आली. या भाषेच्या वापरासाठी त्यांनी मोबदला मागितला नाही. मिडीच्या तारेतून नाद वाहत नाही, केवळ सूचना वाहते. तिची सोय असलेल्या ध्वनिवर्धकापुढे वादकाने पायाने एक कळ दाबली की १२८ क्रमांकांपैकी एक क्रमांक जातो आणि ध्वनिवर्धक व बाहेरची साधने एकाच क्षणी ठरलेले रूप धारण करतात. २०१३ साली या दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्काराने गौरविण्यात आले.

हा विषय उपासनेशी निगडित आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा गौरव केला. त्याचबरोबर मंदिराच्या प्रतिष्ठेला साजेशा व भाविकांच्या भक्तीला पोषक अशा अन्य वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने द्वार खुले केले. १९६७ सालच्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्राने मात्र बजावले की, साथीने गायनाचे शब्द झाकून टाकू नयेत.

आमच्या मते खरी कसोटी येथेच आहे. ऐकू येण्यासाठी जन्मलेले हे यंत्र इतरांचा आवाज बुडवू लागले, तर त्याचा जन्महेतूच हरवला. संत पौलाने एका देहाच्या अनेक अवयवांची शिकवण दिली. जोडणीचे शास्त्र तरी वेगळे काय सांगते? प्रत्येकाने आपापल्या जागी राहावे, समान भाषा बोलावी आणि धर्मग्रामाचे गीत सर्वांच्या मुखी स्पष्ट उमटू द्यावे.