रुपयाचा प्रश्न आणि कॅननसाहेबांची प्रस्तावना

विलायतेहून मोठी पदवी घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याचें कौतुक आपण पुष्कळ करितों. परंतु तेथें तो नेमकें काय शिकला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज एकाच विद्यार्थ्याच्या संदर्भांत तो विचारून पाहूं.

गेल्या शतकाच्या आरंभीं युरोपांत अर्थशास्त्राच्या उच्च अध्ययनाचे दोन संप्रदाय प्रबळ होते. जर्मन विद्यापीठांत इतिहास, आंकडे व राज्यकारभार यांवर भर असे. इंग्लंडांत मूल्य व चलन यांच्या तात्त्विक विवेचनाची परंपरा मोठी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पहिल्याशीं परिचय झाला तो न्यूयॉर्कमध्यें. १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील त्यांचे गुरु प्रोफेसर सेलिग्मन हे बर्लिन व हायडेलबर्ग येथें शिकलेले होते. १९१६ सालीं आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. ही संस्था वेब दांपत्य व त्यांचे स्नेही यांनीं १८९५ सालीं काढली. संस्थापक समाजवादी, पण अध्यापकांनीं त्याच मताचें असावें, असा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. संस्थेच्या आरंभापासून तेथें शिकविणारे प्रोफेसर एडविन कॅनन समाजवादी नव्हते.

१९१७ सालीं शिष्यवृत्ती संपल्यामुळें आंबेडकरांना परतावें लागलें. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून, कांहीं पैसा शिल्लक टाकून, शाहू छत्रपतींच्या साह्यानें व एका पारशी मित्राच्या उसनवारीवर ते १९२० सालीं पुन्हा लंडनला गेले. १९२१ सालीं एम्.एस्सी. झाले. पुढचा प्रबंध रुपयावर होता.

विषय रुक्ष वाटेल, पण तो प्रत्येकाच्या खिशांतला आहे. १८९३ पूर्वीं कोणीहि चांदी टांकसाळींत नेऊन रुपये पाडून घेऊं शके. त्या वर्षीं हा हक्क बंद झाला व रुपये पाडणें केवळ सरकारच्या हातीं राहिलें. पुढें रुपयाचा भाव सोळा पेन्स ठरला. या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्स यांनीं १९१३ सालच्या आपल्या ग्रंथांत वाखाणणी केली होती. आंबेडकरांचें म्हणणें असें कीं, परदेशाशीं हुंडणावळीचा भाव स्थिर राखला म्हणजे रुपया स्थिर झाला असें होत नाहीं. बाजारांत त्याला धान्य किती मिळतें हें पाहिलें पाहिजे. रुपये किती पाडावयाचे यावर बंधन नसेल, तर महागाई वाढेल, आणि मजुरी तिच्या मागें रखडत असल्यामुळें भार मजुरावर पडेल. म्हणून त्यांनीं सुचविलें कीं, टांकसाळ लोकांना बंद आहे तशी सरकारलाहि बंद करावी.

परतंत्र देशाच्या विद्यार्थ्यानें साम्राज्याच्या राजधानींत बसून असें लिहावें, हें लहानसहान धाडस नव्हे. १९२२ सालीं दिलेला प्रबंध परीक्षकांनीं सुधारून आणावयास सांगितला. तो सुधारला गेला, आणि १९२३ सालीं डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रंथ छापून निघाला.

त्याची प्रस्तावना कॅनन यांची आहे, आणि मला सर्वांत मौज वाटते ती हिची. शिष्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर गुरूनें स्वच्छ लिहिलें आहे कीं, या पद्धतीविषयींचा याचा रोष मला पटत नाहीं व याचे बहुतेक युक्तिवादहि मान्य नाहींत. आपल्याकडील कितीकांना अशी प्रस्तावना छापावयास धीर झाला असता? परंतु पुढें ते म्हणतात, जेथें हा चुकला असें वाटलें तेथेंहि याच्या विचारांतील ताजेपणानें मला चालना मिळाली. आणि मुख्य म्हणजे, व्यवहारांत काय करावें याविषयीं याचाच निष्कर्ष बरोबर असावा, अशी कबुली ते देतात. सुवर्ण विनिमय पद्धति स्वस्त पडते हा तिचा एकच फायदा. पण ती चालविणारे मूर्ख अथवा लबाड निघाले तर त्यांना आवरणारें तिच्यांत कांहीं नाहीं, असें त्यांचें कारण होतें.