तंजावरची मराठी भिंत
तंजावरला मी एकटीच गेले होते. सकाळीच बृहदीश्वराचं आवार गाठलं. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं ते मंदिर मान दुखेपर्यंत पाहिलं, पण पाय खिळले ते भिंतीपाशी. तिथे देवनागरीत, आपल्या मराठीत, भोसले घराण्याचा सबंध इतिहास कोरलाय! तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. राज्यकारभार १७९९ मध्येच इंग्रजांकडे गेला होता; म्हणूनच राजाने कुळाची आठवण दगडाच्या हवाली केली असावी, असं मला वाटतं. अक्षरांवरून बोट फिरवावंसं वाटलं, आवरलं.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय. याच राजाने तिथे काशीहून पोथ्या आणवल्या.

संध्याकाळी पुन्हा भिंतीपाशी आले आणि उन्हं उतरेपर्यंत एकेक ओळ लावत बसले.