मार्च २१ : एका तारखेचे अनेक दिन

इसवी सनाच्या कालगणनेतील ज्या तारखांवर जागतिक दिनांची विशेष दाटी झाली आहे, त्यांपैकी ही एक. उत्तर गोलार्धातील वसंतसंपात या सुमारास घडतो. नौरोझ त्याच्याशीच निगडित आहे, आणि भारतीय राष्ट्रीय सौर पंचांगातील चैत्र १ एरवी २२ मार्चला येत असला, तरी लीप वर्षी तो २१ मार्चलाच पडतो. मात्र येथे जमलेल्या सर्व दिनांचा या तारखेवरील हक्क सारख्याच प्रतीचा आहे, असे म्हणता येणार नाही.

सर्वांत बळकट दावा वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय दिनाचा. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना स्वदेशातच वावरताना परवान्याचे पुस्तक सदैव जवळ बाळगण्याची सक्ती होती. तिच्या निषेधार्थ, पुस्तके घरी ठेवून आपण होऊन अटक करवून घेण्याच्या इराद्याने, १९६० साली या दिवशी शार्पव्हिल येथील पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी दप्तरी मृतांचा आकडा ६९ नोंदला गेला. त्यांतील पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, ही एकच बाब सरकारी खुलाशांना पुरेसे उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६६ मध्ये हा दिन मुक्रर केला, आणि दक्षिण आफ्रिकेत आज तो मानवी हक्क दिन म्हणून सार्वजनिक सुटीचा आहे.

जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाची तारीख निव्वळ अंकांवरून ठरली. २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असणे हे या जन्मजात अवस्थेचे कारण असल्याचे झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. २००६ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिनास संयुक्त राष्ट्रांची मान्यता २०११ मध्ये मिळाली. गुणसूत्राची आकृती मोज्यासारखी भासते, या कल्पनेवरून त्या दिवशी दोन पायांत दोन तऱ्हांचे मोजे घालण्याचा प्रघात पडला आहे. एका पायात पिवळा व दुसऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचा मोजा पाहून कोणी विचारणा करावी आणि त्या निमित्ताने त्यास माहिती द्यावी, हा त्यामागील हेतू. दिन साजरे करण्याच्या नाना प्रकारांत इतका स्वस्त आणि इतका चतुर प्रकार विरळाच.

युनेस्कोने १९९९ मध्ये जाहीर केलेला जागतिक कविता दिन आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कलेचा जागतिक दिन हेही याच तारखेस येतात. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांमुळे यांपैकी दुसरा दिन महाराष्ट्रास परका नाही.

आंतरराष्ट्रीय वन दिनाची गोष्ट निराळी. १९७१ पासून चालत आलेल्या जागतिक वनदिनास संयुक्त राष्ट्रांनी २०१२ च्या ठरावान्वये हे नवे रूप दिले. युरोपात या सुमारास झाडांना पालवी फुटू लागते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात मात्र तेव्हा सागाची पाने गळून गेलेली असतात, वणव्यांचा मोसम सुरू असतो, आणि लावलेले रोप घागरीने पाणी घातल्याखेरीज तग धरीत नाही. भारतात वृक्षारोपणाचा सरकारी सोहळा, म्हणजे कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव, पावसाच्या हिशेबाने जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, आणि तेच रास्त आहे.